पुलाच्या सतरा ओळी

मी, व्हिबियस सेरेनियानस, दरबारी कवी, वय बावन्न, राहणार राव्हेना, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत. डोके पूर्ण शाबूत. उद्या दुपारनंतर लोक उलट सांगतील, म्हणून आजच नोंदवतो.

उद्या सकाळी सम्राटांच्या विजयोत्सवात मला प्रशस्ती म्हणायची आहे. विजय असा: सम्राट तेव्हा सेनापती होते. शत्रू दिसताच ते नदीच्या अलीकडे आले आणि पूल तोडायला लावला. पलीकडे आपलीच नऊशे माणसे राहिली. त्यांत माझा धाकटा भाऊ डोम्निनस.

परवा राजवाड्याचा कारभारी एपिगोनस मसुदा तपासायला आला.

"कविराज, पुलाचं काय घेऊन बसलात? नदी म्हणा, विजय म्हणा, मोकळे व्हा."

"माझा भाऊ होता हो पलीकडे."

"मग तोही विजयातच गेला की!"

त्याला मी पुलाविना मसुदा दिला. उद्या पुलासकट म्हणणार आहे. सतरा ओळी जास्त.

राजद्रोह्याची मालमत्ता खजिन्यात जाते व मृत्युपत्र फाडतात, हे ठाऊक आहे. तरी लिहितो. जप्तीला येणाऱ्यांनाही काही वाचायला हवे.

कालव्याकाठचे घर, भिंतींतल्या ओलीसह, डोम्निनसची विधवा रुस्तिका हिला.

माझी उपमांची वही कवी हिलारियानस यास. तीत उगवत्या सूर्याच्या एकतीस उपमा आहेत. तीन सम्राटांवर वापरल्या, अजून झिजलेल्या नाहीत. त्या तिघांना सूर्य मीच म्हटले. त्याची लाज मात्र कोणाला देत नाही, बरोबर नेतो.

चौकातला माझा पुतळा. धड आधीच्या कवीचे आहे, त्याचे डोके उतरवून माझे बसवले होते. उद्या माझेही उतरेल. धड जपून ठेवावे. हिलारियानसच्याच मापाचे आहे.

सम्राटांना काहीतरी ठेवायची रीत आहे. त्यांना मी मागच्या सम्राटांचे संगमरवरी मस्तक देतो. पुतळे फोडले तेव्हा रस्त्यातून उचलून आणले होते, आजवर खारवलेल्या माशांच्या रांजणावर वजन म्हणून ठेवले. धुऊन घ्यावे. वास जाणार नाही.

आता मेलितिने. बावीस वर्षे माझी दासी आणि लेखनिक. दासांना मृत्युपत्रातून मुक्त करायची आमच्याकडे रीत. पण पत्रच फाटले तर माणूस खजिन्याचा. म्हणून गेल्या रविवारीच चर्चमध्ये, बिशपसमोर, भरल्या सभेत तिला मुक्त केले. ती आता माझी मालमत्ता नाही, म्हणून तिच्यावर जप्ती नाही.

घरी येताना ती म्हणाली, "धनी, तेवढ्या सतरा ओळी गाळा ना. जगाल."

"आता धनी म्हणायचं नाही."

"मग काय, वेडे म्हणू?"

"म्हण. त्या ओळी पाठ आहेत तुला?"

"झोपेतही म्हणेन."

"मग मी गाळून काय उपयोग?"

घरी येऊन तिने त्या ओळींचा कागद स्वतः चुलीत घातला. उद्या मी बोलायला उभा राहीन तेव्हा ती समुद्रापलीकडच्या सालोनाला जाणाऱ्या गलबतावर असेल. घराची झडती खुशाल घ्यावी.

साक्षीला सात जण लागतात. नऊ विद्वान मित्रांना निरोप धाडले. नवांनाही एकाच दिवशी ताप भरला. शेवटी घाटावरून माणसे आणली. त्यांना पूल काय असतो ते कळते.

ठिकाण राव्हेना. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला चार दिवस उरले असता, भर दुपारी.

सही: व्हि. सेरेनियानस

साक्षीदार, आपापल्या शिक्क्यांसह:
साबातियस, नावाडी
उर्सियो, नावाडी
कास्टोरियस, मासेविक्या
प्रोक्युलस, भटारी
विटालिस, न्हावी
माउरस, दोरखंड वळणारा
ल्युपियो, शिपाई. याला लिहिता येत नाही, शिक्काही नाही. पुलाची तोडलेली फळी धरून हा नदीतून वाचला. त्या फळीचा खिळा त्याने मेणात दाबला आहे.