ओढ्याच्या अलीकडचे घर

"अलीकडचं घर थोरलीला, पलीकडचं धाकटीला." शहरातल्या दवाखान्यात उशीला टेकून बाबा एवढे म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितले. आम्ही दोघी बहिणींनी माना डोलावल्या. दोघींनाही ते अगदी नीट समजले होते, तीच पुढे अडचण झाली.

मी धाकटी. वय शेहेचाळीस, धंदा खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवण्याचा, राहणार भट्टीच्या बसथांब्याजवळ. येत्या मंगळवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही, आणि हे ते जरा जास्तच वेळा म्हणतात. म्हणून डोके ठिकाणावर असताना, कोणी भरीस घातलेले नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे अशी वकीलबाईंची खात्री आहे. ते ठिकाण कुठले, एवढे मात्र मला विचारू नये.

वकीलबाई म्हणाल्या, आधी मिळकतीची चतुःसीमा लिहा, चारी बाजूंना काय आहे ते. लिहायला बसले आणि तिथेच अडकले.

पश्चिमेस ओढा. तो आता दिसत नाही. त्यावर स्लॅब टाकून गल्ली केली आहे. जाळीशी वाकले तर खालून वाहताना ऐकू येतो. पूर्वेस मातीची खाण. तिच्यावर आता चार मजली इमारती आहेत. दक्षिणेस वीटभट्टी, तिथे गाड्या धुतात, पण कंडक्टर अजून 'भट्टी, भट्टी' ओरडतो आणि सगळे बरोबर तिथेच उतरतात. उत्तरेस 'नवी वसाहत', जी माझ्याहून वयाने मोठी आहे. वकीलबाईंनी वाचले आणि म्हणाल्या, "अहो, यात आहे असं काहीच नाही."

आमच्या उपनगराचे असेच आहे. शहर बांधायला विटा हव्या होत्या, म्हणून इथली माती उकरून भाजून तिकडे नेली. बाबा भट्टीवर मुकादम होते. ते शहरातली एखादी उंच भिंत दाखवून म्हणत, हे आपलं अंगण उभं केलंय. माती संपली तसे खड्डे राहिले. मग शहरातली जुनी घरे पडू लागली आणि त्यांचा राडारोडा आणून तेच खड्डे भरले. म्हणजे विटा परत आल्या, फक्त तुटून. त्या भरावाची कड माझ्या खोलीखाली येते. रीळ हातातून सुटले की ते नेहमी एकाच कोपऱ्यात जाते.

आता घरांविषयी. ओढ्याच्या दोन काठांना बाबांची दोन घरे. मागचे भट्टीजवळ, ज्यात आम्ही वाढलो आणि मी अजून राहते. पुढचे शहराच्या बाजूला, टाकाऊ विटांचे, भाड्याने देण्यासाठी बांधलेले. आम्ही घरी बसून बोलायचो तेव्हा आमचे ते अलीकडचे आणि भाडेकरूचे ते पलीकडचे. म्हणजे माझ्या हिशेबी बाबांनी मला पुढचे घर दिले. ताईच्या हिशेबीही पुढचेच घर, पण तिला. बाबांच्या मागे ती आणि मेहुणे तिथे राहायला गेले. तेव्हा तिथे डास आणि चिखल होता. जायचे तर जाऊ दे, मला मशीन हलवायचा कंटाळा होता.

मग शहराची हद्द वाढली आणि ओढ्यापर्यंत येऊन थांबली. ताईचे घर शहरात गेले, माझे बाहेर राहिले. तिला नळाला पाणी, मला टँकर. घरांना नंबराची पाटी ठोकायला एक माणूस आला आणि ओढ्यावरच्या फळीवर उभे राहून त्याने सहज विचारले, मालक कोण? पुढच्या घरासाठी आम्ही दोघींनी एकदम "मी" म्हटले. तो बिचारा हातोडी घेऊन तसाच उभा.

ताई म्हणाली, "बाबा शहरात होते. तिथून अलीकडचं म्हणजे माझंच."

मी म्हणाले, "झोपलेले शहरात होते. बोलत होते भट्टीवरूनच."

"मग तूच राहा भट्टीवर."

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. मधला ओढा बुजला, फळी गेली, आता दोन दारांमध्ये सपाट गल्ली आहे आणि ती ओलांडायला दोघींना जमत नाही. भाची तेवढी ये-जा करते. एका घरी जेवते, दुसऱ्या घरी परत जेवते.

मी इतकी वर्षे माझेच खरे धरून चालले. पण मागच्या महिन्यात शहरात एका गिऱ्हाइकाकडे सोफा उघडून बसले होते. बाईंनी विचारले, कुठे राहता? मी सुई ओढता ओढता म्हणून गेले, "ओढ्याच्या पलीकडे." आणि हात थांबला. म्हणजे शहरात बसले की मीसुद्धा तिथूनच बोलते. मग बाबा? ते तर तिथे महिनाभर पडून होते. की शेवटच्या दिवसांत माणूस घरूनच बोलतो? मला खरेच कळेनासे झाले आहे.

वकीलबाई म्हणतात, कागदावर दोन्ही घरे अजून वडिलांच्याच नावावर आहेत, तुमचा वाटा कुणाला ते लिहा आणि मोकळ्या व्हा. म्हणून लिहिते.

मागचे घर ताईला. बाबांच्या बोलण्याचा माझा अर्थ खरा असेल, तर ते तिचे तिला मिळाले. तिचा खरा असेल, तर माझ्याकडून.

पुढचे घर, जर ते माझे असेल तर, तेही ताईलाच. "ज्या घरात त्या राहतात तेच त्यांना देताय," वकीलबाई हसल्या. हो. तसेच लिहा म्हटले.

माझे शिवणयंत्र, वाकड्या सुया, लाकडी हातोडी आणि उरलेले कापड भाचीला. तिने धंदा करावा असे नाही. पण एकदा तरी जुनी खुर्ची उघडून पाहावी. लोक काय काय आत सांडतात ते कळते.

कपाटातला निळा कोट मी ताईचाच नेला होता असे ती सांगत फिरते. तो माझा आहे. तरी तिला द्यावा. बाही तिला आखूड होईल, तेव्हा तिचे तिला समजेल.

रस्त्यांना नावे देणाऱ्या कचेरीला काही नाही. त्यांनी आमच्या गल्लीला 'नदीकिनारा मार्ग' म्हटले आहे.

वरील सर्व मी वाचून पाहिले. घरांविषयीचा मजकूर दोनदा वाचला, तरी तो मला पुरता समजला आहे असे म्हणवत नाही. सही मात्र माझी आहे.

साक्षीदार: शेजारच्या दुकानातला सुतार, ज्याला सगळे लंबू म्हणतात, आणि वकीलबाईंचे कारकून. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: वकीलबाई म्हणाल्या शहराचे नाव घाला, पण हद्द गल्लीच्या पलीकडच्या कडेला संपते. पलीकडच्या म्हणजे माझ्या दारातून पाहिले तर. घरी, असे लिहिले आहे.

दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, दुपार.

ता. क. याची एक प्रत भाचीबरोबर आजच ताईकडे पाठवत आहे. ताई, दवाखान्याच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. भाची येते म्हणाली, पण मला तू हवी आहेस. तुला मेहुण्यांचं जेवण असेल, गुडघा दुखत असेल, तू नाहीच म्हणशील. तरी मंगळवारी सकाळी माझ्याबरोबर चल.