डावीकडून तंग झालेला कोट

तीर्थरूप मावशीस,

टाचणीचा साष्टांग नमस्कार. (उजवी मांडी वगळून, कारण तिच्यावर बॉबिन झोपली आहे आणि मी जरा हललो की घरमालकिणीसारखी एक डोळा उघडून बघते.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? आम्ही सगळे ठीक आहोत. हे वाक्य आधीच लिहून ठेवतो, कारण तू पत्राचं मधलं पान पहिल्यांदा वाचतेस आणि या वेळी तिथे बरीच रडारड आहे. तू दुसऱ्यांदा पाठवलेले ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेऊन परत पाठवलेत, ते मिळाले असतील.

आता मुद्द्याचं. तुला कबूल केलेलं पिल्लू येत नाही. उशिरा येणार असंही नाही, ते कधी नव्हतंच. यात दोष कुणाचा हे पुढे वाचून तूच ठरव, फक्त तुझ्या भाचेसुनेला विचारू नकोस, तिने आधीच ठरवलं आहे.

झालं असं, की बॉबिन कुत्री असूनही मांजरासारखी दिवसभर दुकानात माझ्या मशिनच्या पायडलपाशी पडलेली असते. तिथे गारठा लागतो म्हणून गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचा मी तिला कोट शिवला. वाढतं अंग म्हणून शिवणीच्या आत भरपूर माया ठेवली. (जादा कापडाला आमच्या धंद्यात माया म्हणतात. तुझ्या बहिणीने, म्हणजे माझ्या आईने, मला शिकवलेला हा पहिला शब्द.) मध्यंतरी तो कोट पोटावर तंग व्हायला लागला. मी शिवण उसवून सैल केला. थोड्या दिवसांनी पुन्हा तंग. पुन्हा उसवला. तिसऱ्यांदा टेप लावला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि बॉबिनला दिवस गेल्याचं मी जाहीर करून टाकलं. तुझी भाचेसून म्हणाली, ही साखळीशिवाय कधी बाहेर जात नाही, मग हे झालं कसं? मी म्हटलं, एका संध्याकाळी दार उघडं राहिलं होतं आणि समोरच्या लाँड्रीवाल्याचा पांढरा कुत्रा मला पहिल्यापासून फार सभ्य वाटतो, हेच संशयास्पद आहे.

मग मी लाँड्रीत जाऊन त्या माणसाला जबाबदारी या विषयावर चांगलं सुनावलं. त्याने बोलायला दोनदा तोंड उघडलं, मी दोन्ही वेळा ते मिटायला लावलं. त्या दिवसापासून आमच्या घरचे कपडे तो फुकट इस्त्री करू लागला आणि मीही सोयरीक जुळल्यासारखे ते घेऊ लागलो. पिल्लांची वाटणी झाली. पहिलं तुला, कारण तुझा म्हातारा कुत्रा गेल्यापासून घर खायला उठतं असं तू लिहिलं होतंस. बाकीची गल्लीत. मी एक गोधडीही शिवली, तिला सहा खिसे, दर पिल्लाला एक. (हसू नकोस, खिसे फार सुरेख झाले होते.)

आणि मग एका सकाळी बॉबिन उठेना. पोट टणक, हिरड्या पांढऱ्याफटक, श्वास भराभर. मी म्हटलं, कळा सुरू झाल्या. गोधडी खांद्यावर टाकून मी दुकानाच्या दारात उभा राहिलो आणि गल्लीला आनंदाची बातमी देऊ लागलो. लाँड्रीवाला इस्त्री तशीच तापती ठेवून धावत आला. तेवढ्यात तुझ्या भाचेसुनेने बॉबिनच्या हिरडीवर बोट दाबून पाहिलं, स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं. माझ्या मांडीवर बॉबिन, बॉबिनवर सहा खिसे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं. मी विचारलं, किती आहेत? त्या म्हणाल्या, एक. मी म्हटलं, एकच? ठीक आहे, मावशीचं तर भागेल. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं की पिल्लू नाही, गाठ आहे, डाव्या अंडाशयावर, इतक्या लहान वयात फारशी होत नाही, पण झाली आहे, तिला पीळ बसलाय आणि आत रक्त साचतंय. आत्ताच्या आत्ता पोट उघडावं लागेल. जगेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आता वेळ घालवू नका.

मावशी, मी फार घाबरलो. कुत्रं घरात नको म्हणून भांडलेला मीच, हे तुला माहीत आहे, आणि मीच तिथे गोधडीत तोंड खुपसून रडलो. मग काहीतरी करायचं म्हणून खिशातली टेप काढून बाकडं मोजायला लागलो. तुझ्या भाचेसुनेने टेपचं दुसरं टोक धरलं. आम्ही ते बाकडं किती वेळा मोजलं देव जाणे, दर वेळी माप वेगळं आलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या ट्रेमध्ये नारळाएवढी गाठ होती. बॉबिन वाचली होती. मी त्यांच्या पायाच पडणार होतो, पण त्यांनी मला उभं ठेवून विचारलं, पोट एवढं वाढत होतं, तेही एकाच बाजूने, कुणाच्या लक्षात आलं नाही? मी खरं ते सांगितलं. आलं होतं की, दर वेळी मी डावी शिवण उजवीपेक्षा जास्त सोडत होतो, मला वाटलं पिल्लं डावीकडे बसलीत. बाईंनी ट्रे खाली ठेवला. तुझी भाचेसून भिंतीवरचं मांजरांचं चित्र बघत होती.

पण मावशी, आमचा धंदाच असा. गिऱ्हाइकाचं माप बदललं की कापड बदलायचं, कारण विचारायचं नाही. कुणाची कंबर वाढली, कुणाचे खांदे उतरले, आपण मान खाली घालून टेप गुंडाळायची. आईने मला माया ठेवायला शिकवलं तसंच हेही शिकवलं आणि ती रीत मी कुत्र्यालाही लावली.

बॉबिनच्या पोटावरचे टाके मात्र बघण्यासारखे आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र गाठ, एक तुटला तरी बाकीचे धरतात. असं शिवायला बसलो तर माझी दिवसाला एक बाही होईल. ते चाटू नये म्हणून मी त्या सहा खिशांच्या गोधडीतून तिला अंगरखा शिवलाय. गाठीचा रिपोर्ट आज सकाळी आला, वाईट काही नाही, कुठे पसरलेली नाही. ते ऐकून मी लाँड्रीवाल्याला मिठी मारली, तेव्हा कुठे त्याला बोलायला मिळालं. त्याच्या कुत्र्याचं नसबंदीचं ऑपरेशन लहानपणीच झालंय. मग फुकट इस्त्री का करत होतास, म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही इतक्या आनंदात होता.

तुझा,
टाचणी

ता. क. पिल्लू नाही म्हणून रागावू नकोस. बॉबिनला काही दिवस एकटं ठेवायचं नाही आणि आमचा गणवेशाचा हंगाम सुरू झालाय. तू इकडे ये, तिच्याजवळ बस.

ता. क. २. वरचं कारण खोटं आहे. लाँड्रीवाला तिच्याजवळ बसतो, हलत नाही.

ता. क. ३. मावशी, तुझे ब्लाउज मी आधी एकदा आत घेतले, मग पुन्हा घेतले, दोन्ही बाजूंनी, आणि मान खाली घालून पार्सल केले. आता विचारतो. तू एवढी का उतरलीस? इथल्या माणसांच्या डॉक्टरांकडे सोमवारी तुझं नाव घातलंय, शनिवारी मी न्यायला येतोय. धुऊन धुऊन सैल झाले असं मात्र कळवू नकोस. सुती कापड धुतल्यावर आटतं, आणि हे मला तूच शिकवलंस.