हिरवी वायर

सोमवार, ९ तारीख

प्रिय गोटी,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी बरी आहे. खोकला गेला. घरमालकीणबाई अजूनही गरम पाण्यावरून टोमणे मारतात, पण आता मला त्यांची सवय झालीय आणि त्यांना माझी. बाबांचा गुडघा कसा आहे ते तू लिहिलं नाहीस. माझा आवाज ऐकला की ते फोन ठेवतात, त्यामुळे तूच कळव.

तर आता घरच्या बँडमध्ये बास गिटार तू वाजवणार. एकवीस तारखेला, लग्नाच्या पार्टीत, त्या नव्या हॉटेलच्या हॉलमध्ये. वाचून आधी हसू आलं. तू बास गळ्यात अडकवलास की तू त्याला घेतलं नसून त्यानेच तुला कडेवर घेतलंय असं वाटतं. पट्टा दोन भोकं वर घे. खाली सोडलेला दिसायला झोकदार असतो, पण तासाभरात मनगट बोलायला लागतं.

तू लिहितेस, "ताई, वाजवायचं कसं ते तूच सांग. बाबांचं शिकवणं म्हणजे नुसतं ओरडणं." अगं, मला आणि दादालाही त्यांनीच शिकवलं. आई गेल्यावर मी दहा वर्षांची होईपर्यंत त्यांनी मला शाळेचं तोंड दाखवलं नाही. अक्षरओळख झाली ती अॅम्प्लिफायरच्या बटणांखालची नावं वाचून. ओरडू देत, पण त्यांचं एक वाक्य लक्षात ठेव. बासवाला म्हणजे घरातला नळ. पाणी येतंय तोवर कुणी बघत नाही, गेलं की सगळं घर बोंबलतं.

कान ड्रमवाल्याच्या पायाकडे ठेव, हातांकडे नको. हातांनी तो लोकांसाठी वाजवतो, पायाने तुझ्यासाठी. तारा ओढू नकोस, नुसतं बोट चालव. आवाज वाढवायचं काम अॅम्पचं, बोटांचं नाही. नखं कापलेली असू देत. चुकलीस तर थांबू नकोस आणि ड्रमवाल्याकडे बघून हसू तर अजिबात नकोस, तो दिवसभर चिडवेल.

तारा बदलू नकोस. दुकानदार नव्या चकचकीत तारा गळ्यात मारायला बघेल. त्या खणखणतात. आपल्या सपाट, गुळगुळीत तारा सात वर्षांच्या आहेत (आठ असतील, नक्की आठवत नाही) आणि आता कुठे त्या मुरल्यात. खाली, जिथे तारा संपतात तिथे जुन्या गादीतल्या फोमचा तुकडा खोचलाय, तोही राहू दे. त्याने सूर उमटतो आणि लगेच खाली बसतो. लोळत राहत नाही.

मला कसं वाजवणं आवडतं, हेही विचारलंस. जुन्या संथ नाचाच्या गाण्यांतलं. त्यात बासवाला ओळीत तीनच सूर वाजवतो आणि चौथ्याच्या जागी गप्प बसतो. अंगठ्याने तारा थापटणारे माझ्यापेक्षा हुशार असतात, हे मान्य. पण मला ते दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जाऊन सगळी कपाटं उघडून बघणाऱ्या माणसांसारखे वाटतात. मी जास्त सूर घातले की दादा म्हणायचा, "वाजवतेस की फर्निचर सरकवतेस?" मग गाता गाताच हात लांबवायचा आणि माझ्या तारांवर तळवा ठेवून त्या गप्प करायचा. ते असो.

तू लिहिलंस, "बाबांनी तुझा जुना अॅम्प माळ्यावरून काढला, पुसला, लावला. जरासुद्धा हमिंग नाही, घूं घूं नाही, ताई. चालू आहे की बंद तेही कळत नाही." हे मी दोनदा वाचलं. मग जेवायला गेले आणि परत येऊन पुन्हा वाचलं.

आणखी काही गोष्टी आहेत. त्या विचित्र वाटतील, पण कारण न विचारता पाळ. वाजवताना जाड रबरी तळाचे बूट घाल. उभी राहशील तिथे लाकडी फळी टाकून घे. बास हातात असताना माइकला हात लावू नकोस, ओठ तर नकोच. गाण्याच्या फंदात पडू नकोस. तुझा आवाज चांगला आहे हे मला ठाऊक आहे, तरीही. आणि तुझ्या तारांवर कुणालाही हात ठेवू देऊ नकोस. चेष्टेतसुद्धा नाही. अॅम्प दुसरा मिळाला तर सगळ्यात बरं. ड्रमवाल्याच्या चुलत भावाकडे एक आहे. त्याला हमिंग येतं, पण येऊ दे.

बाबांना माझा नमस्कार सांग, घेतील तर.

उत्तराची वाट बघणारी,
ताई


गुरुवार, १९ तारीख
सकाळचे साडेदहा

गोटी,

ख्यालीखुशाली राहू दे. तुझं पत्र आत्ता मिळालं.

तू लिहितेस, माझ्या सूचना तू बाबांना वाचून दाखवल्यास आणि ते हसले. म्हणाले, "ती जन्माची घाबरट. टॉर्चचासुद्धा शॉक बसेल असं वाटतं तिला." गोटी, मी माझ्या पत्रात शॉक हा शब्द लिहिला नव्हता. मुद्दाम टाळला होता. तुझ्याकडे ते पत्र आहे, काढून बघ.

पुढे लिहितेस की दादाची गाणी आता तुझ्याकडे आलीत, बास वाजवता वाजवता तूच गाणार आहेस. आणि घरच्या तालमीत माइकला ओठ लागले की ओठांना मुंग्या येतात, दातांपर्यंत गार झणझणतं. बाबा म्हणतात पहिल्यांदा सगळ्यांना होतं, भीतीने होतं.

भीतीने होत नाही.

मी लगेच फोन केला. बाबांनीच उचलला. मी म्हटलं, "बाबा, ठेवू नका. हिरवी वायर." मागे तुझं बास वाजवणं ऐकू येत होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "त्याचं हृदय कमजोर होतं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय." आणि फोन ठेवला. नंतर तीनदा केला, कुणी उचलला नाही.

आता नीट वाच. जे मी वर्षभर कुणालाही सांगितलं नाही ते सांगते आणि क्रमाने सांगते, नाहीतर माझ्याच बाजूने लिहीत जाईन.

मी चौदा वर्षांची होते. अॅम्पला हमिंग यायचं आणि बाबांना ते सहन व्हायचं नाही. आपल्या बँडची ओळखच शांतता होती. गाणं थांबलं की स्टेजवर टाचणी पडली तरी ऐकू यावी. कुणीतरी त्यांना सांगितलं की प्लगमधली हिरवी वायर, अर्थिंगची, काढली की हमिंग जातं. बाबांची बोटं जाड, चष्मा सापडत नव्हता. म्हणाले, "तुझी बोटं बारीक आहेत, तू काप." मी कापली. टोकाला चिकटपट्टी गुंडाळून प्लग बंद केला. हमिंग गेलं. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी पाठ थोपटलेली मला एवढी एकदाच आठवते, त्यामुळे तो दिवस मी विसरणं शक्य नाही.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं काही झालं नाही. कधी बोटांना चिमटा बसल्यासारखं व्हायचं. मी ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर हमिंग परत आलं असतं.

गेल्या वर्षी त्याच नव्या हॉलमध्ये, पार्टीच्या आधी आवाज तपासत होतो. तू आणि बाबा खाली गाडीतून कीबोर्ड काढत होतात. मी सुरांचं नवं वळण वाजवून बघत होते आणि सूर जास्त झाले. दादाच्या डाव्या हातात माइक होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "झालं हिचं सुरू, कपाट सरकवा, पलंग सरकवा," आणि त्याने उजवा तळवा माझ्या तारांवर ठेवला.

त्याने तो उचलला नाही. मला वाटलं मस्करी करतोय. मी म्हटलं, "पुरे, दादा." मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. मी माझी बोटं काढून घेतली. गोटी, मी आधी माझी बोटं काढली. बटण बंद करायला हवं होतं हे नंतर सुचलं. किती नंतर ते मला माहीत नाही. तोवर तो पडला होता.

तू जिन्यावरून धावत आलीस तेव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, हे तुला आठवत असेल. बाबा तुझ्या मागून आले. ते आधी दादाकडे आले नाहीत. भिंतीपाशी गेले, प्लग उपटला, वायर गुंडाळली आणि मग दादाजवळ बसले. मी ते पाहिलं आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. त्यानंतर आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. तुला सांगितलं की मला इथे स्टुडिओत नोकरी लागली. नोकरी लागली हे खरं, पण मी निघाले ती त्यामुळे नाही.

इथला मेकॅनिक कुठलीही वस्तू आली की आधी तिचा प्लग उघडतो. तुझं पत्र घेऊन मी आत्ता त्याच्याकडेच गेले. दादाचं नाव काढलं नाही, नुसतं विचारलं. तो म्हणाला, "जुना अॅम्प आतून गळायला लागला की वीज बाहेरच्या पत्र्यावर येते, तिथून तारांवर. हिरवी वायर ती जमिनीत नेते. ती नसली की वाट बघत बसते. एका हाताला तार, दुसऱ्या हाताला किंवा ओठाला माइक, मग वाट सापडली." मी घरच्या तालमीतल्या ओठांच्या मुंग्यांचं आणि नव्या हॉलचं सांगितलं. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाला, "घरची अर्थिंग कच्ची असेल, म्हणून मुंग्यांवर भागलं. नव्या हॉलची पक्की असते. तिथे नुसत्या मुंग्यांवर भागणार नाही."

मी रबरी बूट आणि फळी सांगितली होती. त्याने काही होत नाही. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वीज तुझे बूट बघत नाही. ते मी तुझ्यासाठी नाही, मला झोप यावी म्हणून लिहिलं होतं. लिहून मी खरंच दोन रात्री झोपले. याची मला लाज वाटते.

बाबांबद्दलही लिहायला हवं आणि इथे मला जपून लिहायचंय. ते दुष्ट नाहीत. वर्षभर मी समजत होते की ते स्वतःला वाचवतायत. आज फोनवर त्यांचा आवाज ऐकल्यापासून मला वेगळं वाटतं. हिरवी वायर परत जोडायची म्हणजे ती तुटलेली होती हे मान्य करायचं. ती कापायला कुणी सांगितलं आणि कुणी कापली हेही मग आलंच. त्याच अॅम्पवर वाजवून, त्याच माइकवर गाऊन तू धड घरी आलीस, की दादाचं हृदयच कमजोर होतं असं ठरतं. मग कुणीच काही केलेलं नसतं. त्यांनीही नाही, मीही नाही. ते तुला मुद्दाम संकटात घालतायत असं मी म्हणत नाही. त्यांना हे इतकं खरं ठरायला हवंय की तुझ्या ओठांच्या मुंग्याही त्यांना ऐकू येत नाहीत.

तू लिहिलंयस की आज संध्याकाळी सहाला हॉलवर माइक लावून शेवटची तालीम आहे. जाऊ नकोस. पोट दुखतंय म्हण, रुसून बस, काहीही कर. आपण तिघं बाबांना नाही म्हणायला कधी शिकलोच नाही, ते त्यांनी शिकवलं नाही. पण आज म्हण. जावंच लागलं तर बासला हात लावू नकोस. तुला खरं वाटत नसेल तर प्लग भिंतीतून काढून घे, मगच उघड. चार मळके स्क्रू आहेत. आत काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं हिरवं टोक दिसेल. चिकटपट्टी तिरकी गुंडाळलेली आहे, मी डावखुरी आहे ना. त्यावरून ओळखशील कुणाचं काम आहे ते.

आपल्या गावाकडे वाद्यं पोचवणारा ड्रायव्हर अकराला निघतो. पत्र त्याच्या हातून पाठवायचं ठरवून लिहायला बसले. तो आता खाली उभा आहे आणि वर बघून म्हणतोय, "बाई, पत्र आहे की पोथी? उरका." त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.

मी येतेय. वाटेत काही अडलं नाही तर पाचपर्यंत पोचू. बाबा दार उघडतील की नाही ठाऊक नाही. त्यांच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, चौदाव्या वर्षीही चिकटली होती. म्हणून हे पत्र माझ्याच हातात असेल. मी दारात नुसतीच उभी राहिले, नीट बोलले नाही, उगाच गुडघ्याची चौकशी करायला लागले, तर माझ्याकडे बघत बसू नकोस. पत्र माझ्या हातातून ओढून घे आणि तिथेच, त्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने वाच. एकही ओळ गाळू नकोस. माझी दया येऊन गाळावीशी वाटेल ती तर मुळीच नाही.

आणि मी येईपर्यंत तुम्ही हॉलवर गेलेले असाल, हे मी लिहीत नाही.

दादाची धाकटी आणि तुझी थोरली,
जिने वायर कापली ती