अर्जाखाली माझं नाव

दौंड, बुधवार

तीर्थरूप आप्पांस धाकट्या बिरदेवचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

वस्तीत नळाला गटाराचं पाणी येतं, म्हणून चर्चच्या फादरांनी नगरपालिकेत अर्ज दिला. सतरा नळ मी स्वतः तपासले, अर्जही मीच लिहिला. आन् लोकांचे अर्ज लिहून द्यायच्या सवयीनं खाली ठसठशीत घातलं, "लेखन : बिरदेव कोळेकर."

काल नळाचे पाइप टाकणाऱ्या ठेकेदाराची माणसं चर्चच्या काचा फोडून गेली. "हा कोळेकर कुठं राहतो?" विचारत होती. फादर म्हणाले, "सही माझी आहे, मला विचारा."

दार लावून, दिवा बारीक करून लिहितोय. अक्षर वाईट आलंय, माफी असावी.

उद्या अकराला नगरपालिकेत सुनावणी. फादर म्हणतात, "बिरदेव, तुम्ही येऊ नका." पण नळ त्यांनी कुठं तपासलेत? मी जाणार.

पत्र आजच एस्टीच्या कंडक्टरकडं देतोय; उद्या त्या वेळेला बिरोबापुढं नारळ फोडा. आईला कारण सांगू नका.

आपला,
बिरदेव