बस्त्यातलं पहिलं लुगडं

सातारा,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६३

प्रिय जोतीराम,

तुला, मनूला आणि लेकराला नाथाआबाचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर गादीवर बसून लुगड्यांच्या घड्या मोडायच्या नि पुन्हा घालायच्या. सांगलीत असो की साताऱ्यात, पाठ तीच धरते. मनूचा खोकला थांबला का? तिला ज्येष्ठमध चघळायला दे. बाळाला दात आले म्हणे, आता तुझ्या बोटांना जप. तुझ्या आईचे गुडघे धरलेत, जीभ मात्र ठणठणीत आहे. आमची कारभारीण रंगू रोज भाकरी नेऊन देते, तर परवा साळूबाई तिला म्हणाल्या, "तुझ्या भाकरीला माझ्या सुनेच्या हाताची चव न्हाई, पर आणलीस तर ठिवून जा." सांगलीला जा म्हटलं की म्हशीकडं बोट दाखवतात. "हिला कोण बघंल? तुमी?" संध्याकाळी मात्र पुण्याकडनं गाडी आली की सांगलीकडनं आली हे न बघता वाटेकडं तोंड करून बसतात.

माझं अक्षर हरभऱ्याएवढं दिसेल, हसू नकोस. मी शाळेची पायरी चढलो नाही. मांजरपाटाच्या ताग्यांवरचे गिरणीचे शिक्के वाचत अक्षरं शिकलो. आता ती जरा बारीक झाली की मुंग्यांसारखी पळतात.

तू लिहिलंस, यावंसं वाटतं, पण साताऱ्याच्या चौदा रुपयांत तीन तोंडं नि आई कशी भागवू? खरं आहे. ते वाचल्यापासून मला एक खोडच लागलीय. दुकानात परगावचं कुणी आलं की पाणी देतो आणि विचारतो, तुमच्याकडं कापडाच्या दुकानातल्या माणसाला काय मिळतं? खंडाळ्यात अकरा. आटपाडीत नऊ आणि वर जोंधळे. तिकडं आठवडी बाजार भरला तरच दुकानाला गिऱ्हाईक. तिथला मेंढरंवाला बिराप्पा हसून म्हणाला, "आबा, ह्या वयात नोकरी सोडून पळताय व्हय?" पाचगणीला हंगामात पंचवीस देतात, पण पाऊस लागला की दुकानाला कुलूप नि पगारालाही. तुमच्या सांगलीत बावीस. हळद-गुळाच्या पेठेत रोकडा खेळतो, तर कापडवाल्याचा हातही सैल सुटतो. पण त्यातले चार घरमालकाच्या घशात जातात, हे तूच लिहिलंयस. म्हणजे उरले अठरा. साताऱ्यात तुझं घर तुझं आहे.

हे सगळं कशाला गोळा केलं, ते सांगतो. त्याआधी दुसरं सांगायला हवं. ते गेल्या वैशाखातच सांगायला हवं होतं.

मानसिंग सुभेदारांच्या लेकीचा बस्ता आठवतोय ना? लग्नाची कापडं घ्यायला अख्खं घर बैलगाड्या जोडून आलेलं. पहिलं लुगडं नवरीचं, हिरवं. ते गादीवर उलगडून हळदकुंकू वाहायचं आणि मगच बाकीच्या गठ्ठ्यांना हात लावायचा. वीस वर्षं हे पहिलं लुगडं मीच काढत आलो. त्या दिवशीही काढलं, उलगडलं, आणि नवरीच्या आजीनं, अंबूबाईंनी, कुंकवाची चिमूट सोडली ती काळ्या चंद्रकळेवर! "आवं, आमच्या पोरीचं लगीन हाय का कुणाचं दिवस?" म्हातारी कडाडली. मला ते हिरवंच दिसत होतं, जोतीराम. अजूनही दोन्ही सारखीच दिसतात. आणि तू पुढं सरकून म्हणालास, "आजी, आबांनी हिरवंच मागितलं व्हतं. काळं म्या दिलं."

मालकांनी त्याच दिवशी तुला काढलं. मी मापाचा गज हातात धरून गप्प बसलो. आमच्या लेकीचं, सुलीचं, लग्न महिन्यावर होतं. तू जाताना पाया पडलास, आणि मी तुला वर बघून आशीर्वादही दिला नाही. सुलीच्या लग्नाची हळद तुझ्या जिवावर लागली. आज ती नांदते आहे. हे मी रंगूलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं, बस्ते पुन्हा सुरू झाले, आणि माझा हात गठ्ठ्यावर जाईना. मी मालकांसमोर दोन लुगडी टाकली. म्हटलं, हंबीरराव, ह्यातलं काळं कुठलं ते मला सांगता येत नाही. वैशाखातही येत नव्हतं. त्यांनी गजाचं टोक गादीत खुपसलं. मग म्हणाले, "पोराला मी हाकललं आन् तुमी बघत बसलासा?" मी म्हटलं, "व्हय. भ्यालो." शिव्या खाल्ल्या, गोड लागल्या. शेवटी म्हणाले, "बोलवा त्याला. पर चौदाच." तवा मी खंडाळ्यापासून सांगलीपर्यंतचे सगळे आकडे पुढं मांडले. म्हटलं, चौदा देऊन सांगलीचा माणूस येत नसतो, येईल तो खंडाळ्याचा. मालक हसले. वीसवर तुटलं, दिवाळीला धोतरजोडी वेगळी. गादी माझी, ती आता तुझी. मी दाराशी बसून गठ्ठे बांधीन. मला दहा पुष्कळ झाले.

आता मुद्द्याचं. मार्गशीर्ष लागला की मी मिरजेला मोतीबिंदू काढायला येतोय. परत येताना डोळ्यांवर पट्टी असेल आणि कुणीतरी हात धरून गाडीत बसवायला लागेल. तो हात तुझा असावा. मनू नि बाळ संगती, बोचकी बांधूनच ये. साळूबाईंना मी अजून काही बोललो नाही, म्हशीला मात्र सांगितलंय. येतोस की नाही ते लगेच लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही. पट्टी बांधायच्या आत पत्र आलं, तर ते दुसऱ्या कुणाकडनं वाचून न घेता माझं मीच वाचीन.

तुझाच,
नाथाआबा