गाठीची फळी

१८ डिसेंबर, बुधवार

काम मिळालं! मामाचं नाही – माझं.

कानजीमामाची कंबर पुन्हा धरली. त्यामुळे कस्तुरबेनच्या घरचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मी एकट्याने करायचं. लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल, फळीएवढ्या लांब. मामाने खाटेवरूनच बजावलं, "घर कोणाचं आहे ठाऊक आहे ना? प्रेमजीबापांचं. कस्तुरच्या सासऱ्याचं. त्या माणसाने पन्नास वर्षं लाकडाची जहाजं बांधली आहेत. त्यांनी तुझ्या फरशीवर पाय ठेवला, तर अख्ख्या मांडवी गावात तू मिस्त्री. नाही ठेवला, तर भाचेबुवा, मोरबीला परत जा आणि खोकी भरत बस."

मोरबीच्या टाइल-कारखान्यात दोन वर्षं खोकीच भरली मी. पुन्हा नाही!

आठवीत शाळा सुटली, पण ही वही शुद्ध लिहायची. शंका आली की शब्द आधी शेवटच्या पानावर लिहून बघायचा.

२० डिसेंबर, शुक्रवार

नमुने घेऊन गेलो. सागवानी, अक्रोडी आणि राखी.

कस्तुरबेनला राखी हवी होती, तीही चकचकीत. फोनमधला फोटो नाकासमोर धरला. मी म्हटलं, "बेन, राखीवर हळदीचा एक थेंब पडला तरी गावभर दिसेल. आणि न्हाणीत चकचकीत नकोच." चकचकीत नमुन्यावर पाणी ओतलं आणि म्हटलं, उभ्या राहा. राहिल्या. घसरल्या. माझा खांदा धरून म्हणाल्या, "कळलं रे बाबा, पाडू नकोस!" सागवानी ठरली. मंद रंगाची, हाताला लाकडाच्या शिरा लागतात अशी. शिरांत तेल बसेल, ब्रश मारावा लागेल, हेही सांगून टाकलं. लपवलेलं मला पचत नाही.

मग बापा. ओसरीवर उन्हात बसले होते. दोन नमुने हातात दिले. बापांनी अंगठा फिरवला – सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाकाशी नेला.

"वास कुठाय?"

"बापा, ही भट्टीतली माती आहे. वास नसतो."

"मग लाकूड कशाला म्हणतोस?"

"म्हणत नाही. नुसती तशी दिसते."

"ही गाठ. आणि या दुसऱ्या फळीवर तीच गाठ, त्याच जागी. जुळी झाडं होती का रे?"

माझे कान तापले. खरं आहे. कारखान्यात सहाच छापे असतात. तेच तेच फिरून येतात, वरचा उठावही छाप्याबरहुकूम. पण गिऱ्हाईक कधी एवढं बारीक बघत नाही!

नमुने खाली ठेवून बापा म्हणाले, "या खोट्या लाकडावर मी पाय ठेवणार नाही. कस्तुर, काम झालं की माझं ताट इथे ओसरीवर आणायचं."

कस्तुरबेन दारापर्यंत सोडायला आल्या. डोळे पुसत होत्या. "गेल्या वर्षी न्हाणीत दोनदा पडले. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच तर आहे! माझा नवरा लालजी मस्कतहून अकरा तारखेला येतोय. तीन वर्षांनी. उत्तरायणाला बाप-लेक एका पंगतीला बसले पाहिजेत. ओसरीवर नाही – आत. आता सगळं तुझ्या हाती."

माझ्या हाती!

२१ डिसेंबर, शनिवार

दिवसभर नमुनेच न्याहाळत बसलो. आईने अडदिया, म्हणजे उडदाचा लाडू, दिला, तोही तसाच ठेवला. (संध्याकाळी दोन खाल्ले.)

२३ डिसेंबर, सोमवार

जुनी फरशी उखडली. बापा दाराची चौकट धरून सगळा वेळ उभे. दगड निघाला की विचारायचे, "कुठला? खिडकीजवळचा?" मी सांगायचो. ओट्यासमोरचा कोपरा फुटलेला दगड निघाला तेव्हा म्हणाले, "तो फुटका राहू दे."

"फुटक्याचं काय करायचं, बापा?"

बापांनी काठी उचलली आणि बंदरावर निघून गेले. रोज जातात, नव्या जहाजाचं काम ऐकायला. मला उगाच चोर असल्यासारखं वाटलं.

२५ डिसेंबर, बुधवार

न्हाणीचा उतार. फरशी छोटी असली की चारी बाजूंनी जाळीकडे उतरवता येते. ही लांब फळी वाकत नाही. म्हणून भिंतीलगत लांब जाळी आणि सगळा उतार एकीकडे. तीनदा मापला. पातळीची नळी लावून चौथ्यांदा.

बापा आले. न विचारता लोटा भरला, ओतला आणि डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "उजव्या कोपऱ्यात थांबलं."

शक्यच नाही, मी म्हटलं. जाऊन पाहिलं – वाटीभर पाणी! उजव्या कोपऱ्यात!

तो भाग उद्या पुन्हा. (राग आला. कौतुकही वाटलं. दोन्ही लिहून ठेवतो.)

२८ डिसेंबर, शनिवार

वाईट दिवस.

आधी सगळ्या फळ्या अंगणात पसरल्या. मागे खडूने छाप्याचे आकडे घातले, एक ते सहा. एकच आकडा शेजारी-शेजारी येता कामा नये, समोरासमोरही नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "कस्तुर, तुझा मिस्त्री शाळा भरवतोय की फरशी बसवतोय?" हसू देत.

मग स्वयंपाकघरात पहिल्या तीन ओळी घातल्या. कस्तुरबेनच्या फोटोत विटांसारखी मांडणी – वरच्या फळीच्या बरोबर मध्यावर खालचा सांधा. तशीच केली. मला माहीत होतं! एवढी लांब टाइल भट्टीतून निघते तेव्हा मधोमध केसभर फुगलेली असते. पोटाशेजारी टोक आलं की कड वर राहते. कारखान्यात हेच तर रोज ऐकायचो. तरी केलं, कारण अर्धं-अर्धं दिसायला नीट दिसतं, आणि नीट दिसलं की मला बरं वाटतं.

बापांनी उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून हात खाली नेला आणि तळवा फिरवला. "इथे नख अडतं. इथे. आणि इथेही."

मग तिथेच बसले. पहिल्यांदाच नीट बोलले. "कोणी शिकवलं तुला अर्ध्यावर सांधा घालायला? जहाजाची तक्तपोशी अशी घातली तर खलाशी शिव्या देतील. सांधा सरकवत न्यायचा, पोरा. जिन्यासारखा. एकासमोर एक आला की तिथून फाटतं."

"मग एक-तृतीयांशावर घेऊ?"

"ते तृतीयांश तुझं तू बघ. माझ्या नखाला लागता कामा नये."

३० डिसेंबर, सोमवार

तिन्ही ओळी काढल्या. दोन फळ्या फुटल्या. पुन्हा बसवल्या, एक-तृतीयांशाने सरकवत. बापांचं नख फिरलं. कुठे अडलं नाही. "हं" म्हणाले. हंच! पण पाय उंबऱ्याबाहेर.

कानजीमामाचा फोन – "ऐकलं, म्हातारा तुला काम शिकवतोय म्हणे. त्याची मजुरी तू देणार की मी?"

१ जानेवारी, बुधवार

बाजारात बापा समोरून आले. मी हात जोडले. सरळ पुढे निघून गेले. ओळखसुद्धा दिली नाही! काय चुकलं असेल?

३ जानेवारी, शुक्रवार

काही चुकलं नव्हतं. सकाळी स्वतःच हाक मारली, "मोरबीवाल्या, इकडे ये," आणि छास पाजली. त्याबरोबर तीन अटीही.

एक – फळ्या दारापासून ओट्याकडे उभ्या जाव्यात, आडव्या नकोत. ही सोपी, तशाच घातल्या होत्या.

दोन – ओट्यासमोर, गॅसच्या बरोबर पुढे, सगळ्यांत मोठ्या गाठीची फळी.

तीन – न्हाणीच्या दारात, आतून, एकच फळी आडवी. बाकी सगळ्या उभ्या.

मी म्हटलं, "बापा, सगळी नक्षी बिघडेल! उभ्या ओळींत एकच आडवी फळी – बघणारा म्हणेल मिस्त्री झोपला होता."

"बघणाऱ्याला म्हणावं, प्रेमजीने सांगितलं."

कस्तुरबेनने मला बाजूला घेतलं. "घाल रे आडवी. हवी तर उलटी घाल. पण एवढ्या दिवसांत त्यांनी आपणहून काहीतरी मागितलं!"

गाठीची फळी म्हणजे छापा क्रमांक चार. ती गॅससमोर बसवायची तर आकड्यांचं सगळं गणित नव्याने मांडायला हवं. दुपारभर मांडलं. जमलं! पण आडवी फळी बसवताना डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

६ जानेवारी, सोमवार

संकट. त्या दोन फुटल्या ना, त्यामुळे न्हाणीच्या दाराआड एक फळी कमी पडली. दुकानदाराने खोकं दिलं, त्यावर रंगाचा शिक्का वेगळा. छापा तोच, उठाव तोच, पण रंग भट्टीचा – एका घाण्याचा दुसऱ्यासारखा येत नाही. ही फळी चांगलीच गडद आहे. चहात दूध कमी पडल्यासारखी. कस्तुरबेन म्हणाल्या, "दाराआड कोण बघतंय? बसव." बसवली. जुन्या शिक्क्याची एक मोरबीला मागवली आहे, पण यायला आठ-दहा दिवस लागतील.

बापा बघतील. उतार नाही, सांधा नाही, काही नाही – पहिली तीच बघतील!

८ जानेवारी, बुधवार

फटी भरल्या. पुसलं. काम संपलं.

बापांनी उंबऱ्यावरून काठी आत घालून एकेक फळी ठोकली. भरीव. भरीव. भरीव. मग न्हाणीत काठी फिरली. गडद फळीवर आली, ठोकली, पुढे गेली. एक शब्द नाही! बापांना दिसली नाही? केसाएवढी कड ज्यांनी पकडली त्यांना?

सुटलो म्हणायचं की काय म्हणायचं, कळेना. पाय मात्र अजून बाहेरच. ताट ओसरीवर गेलं.

११ जानेवारी, शनिवार

लालजीभाई आले. फरशी बघून म्हणाले, "हे लाकूड ओलं झालं तर?" मी पाणी ओतून दाखवलं. मस्कतला टाइल नसतात का?

१४ जानेवारी, मंगळवार. उत्तरायण

हे सावकाश लिहितो. एकही शब्द चुकायला नको.

मला जेवायला बोलावलं होतं. आधी सगळे गच्चीवर. पतंग, चिक्की, आरडाओरडा. बापा खुर्चीवर, आभाळाकडे तोंड करून हसत होते. लालजीभाईंचा पतंग कापला गेला. आम्ही सगळे हळहळून गप्प झालो. बापा म्हणाले, "बघ, आपला कसा चढलाय!" सगळे हसले. लालजीभाई हसले नाहीत. बापांकडेच बघत राहिले.

मग खाली. पंगत आत मांडली होती. कस्तुरबेनच्या हातात उंधियूचं पातेलं, पण वाढत नव्हत्या. बापा उंबऱ्याशी थांबले. चप्पल काढली. काठी चौकटीला टेकवून ठेवली – काठीसुद्धा नाही! – आणि उजवा पाय आत टाकला.

पावलं घसरवत चालले. फळीच्या शिरेला धरून, सरळ. मी मोजली, सहा पावलं. सातवं गाठीवर पडलं. तिथे थांबले. पावलाने गाठ दोनदा चाचपली आणि हात पुढे केला – बरोबर ओट्याच्या कडेवर!

"कस्तुर," बापा म्हणाले, "आज मीच वाढतो."

वाढलं! मला दोनदा. जेवताना म्हणाले, "लाकूड खोटंच आहे. पण घातलंय खऱ्यासारखं. मिस्त्री, अजून घे."

मिस्त्री म्हणाले. मामाला फोन केला, तर म्हणतो, "मला का सांगतोस, मी तर पहिल्या दिवसापासून तुला मिस्त्रीच म्हणतो." खोटारडा!

१६ जानेवारी, गुरुवार

लालजीभाई काल बापांना भुजला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. दोन वर्षं तरी उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नसणार, असं डॉक्टर म्हणाले. बापांनी घरात कुणालाही कळू दिलं नव्हतं.

गाठ म्हणजे ओटा. आडवी फळी म्हणजे न्हाणी. आणि आधीचा खुणेचा फुटका दगड मीच उखडला.

सोमवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, छान दिसेल. कस्तुरबेन फोनवर हसत होत्या आणि रडत होत्या.

मोरबीची फळी आज आली. रविवारीच जाऊन दाराआडची बदलतो.