किती ते घरातच सांगायचं

आये, तुझे जावई जुगार खेळायला लागले. घाबरू नकोस, आता बरं चाललं आहे. पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते बरं चाललंय त्यात तुझा हात आहे.

ओरोसच्या कचेरीतून ते निवृत्त झाले आणि त्यांच्यासारख्याच रिकाम्या झालेल्या मित्रांबरोबर महिन्यातून एकदा गाडी करून पणजीला जाऊ लागले. तिथे नदीत मोठी बोट उभी असते. तिकीट काढून आत गेलं की जुगाराची टेबलं, दिवे, फुकट जेवण. पहिल्या खेपेला ते जिंकून आले, काजूची मोठी पिशवी आणली आणि अर्धी शेजाऱ्यांना वाटून टाकली. दुसऱ्या खेपेला उजाडल्यावर परतले आणि चपला न काढताच मागच्या पडवीत बसले. "पडवीचा छप्पर गेला," म्हणाले. मी वर बघितलं. छप्पर होतं. मग कळलं की ते बदलायला ठेवलेले पैसे गेले होते. निवृत्तीचे पैसे एकदाच मिळतात. आमचं म्हातारपण त्या पैशांवर आहे. मुलगी पुण्यात, तिचा संसार तिला पुरतो. मी ओरडले नाही. ओरडावंसं वाटत होतं, पण मी घावनं काढत होते, आणि तव्यावर घावन असताना तू कधी कुणावर ओरडत नसायचीस. ते पहिलं घावन त्यांच्या ताटात टाकलं तेव्हा मला बाबांचे नारळ आठवले.

नारळी पौर्णिमेला आपल्या बंदरावर नारळ लढवतात. एकाने मुठीत नारळ धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटेल त्याने तो दुसऱ्याला देऊन टाकायचा. बाहेरच्या माणसाला यात काय गंमत ते समजत नाही. बाबांना मात्र दुसरं काही समजत नसे. आदल्या आठवड्यापासून ते नारळ कानाजवळ धरून नखाने वाजवत, लहान, काळपट, जाड करवंटीचे बाजूला काढत. आणि बंदरावर गेले की त्यांना थांबता येत नसे. नेलेले नारळ संपले की तिथल्याच गाड्यावरून विकत घेत, तेही संपले की घरी येत. एका वर्षी ते असे तीनचारदा घरी येऊन गेले आणि आपल्याला वाटलं, पाणी प्यायला येतात. पुढे चतुर्थीला तू माळ्यावर नारळ काढायला चढलीस आणि तशीच खाली उतरलीस. गणपतीसाठी राखलेले सगळे नारळ लढून गेले होते. त्या वर्षी आपल्या गणपतीने डाळीच्या पुरणाचे मोदक खाल्ले. शेजारची काकी आली, मोदक फोडून आत बघत बसली. "गो, खोबरा खंय?" तू तिच्या वाटीत तूप वाढत म्हणालीस, "बंदरार गेला." बाबा आरतीची घंटा पुसत होते. ते ती बराच वेळ पुसत राहिले.

पुढची पौर्णिमा जवळ आली तेव्हा आजी म्हणाली, ह्या वर्षापासून त्याका बंदरार पाठवू नको. तू नाही म्हणालीस. "नको म्हटलंय तर लपान जातले. लपान गेलेल्याची गणती कोण करतला?" त्याऐवजी तू काय केलंस ते मी माजघराच्या उंबऱ्यावर बसून बघितलं. पौर्णिमेची सकाळ आहे. बाबा चहा पितायत, अंगात अजून बनियन आहे, बंदर अजून डोळ्यांसमोर नाही. तू चुलीकडे तोंड करूनच विचारतेस, "किती?" बाबा म्हणतात, बघूया थंय गेल्यार. तू वळतेस. "किती ते हंयसर सांगा. थंय गेल्यार तुमका गणती येवची नाय." बाबा पंधरा म्हणतात. तू चुलीत लाकूड सारतेस. बाबा चहाचा घोट घेतात आणि आपणच बारावर येतात. मग तू माळ्यावरून बारा नारळ काढून पिशवीत भरतेस, हात पुढे करतेस, आणि ते पाकीट तुझ्या हातावर ठेवतात. चिडून नाही. मला वाटतं, त्यांना हलकं वाटलं असावं.

बंदरावर त्यांच्या मित्रांनी त्यांची टर उडवली. "काय रे, बायलेन पाकीट काढून घेतल्यान?" बाबांनी हातातला नारळ वाजवत उत्तर दिलं, "पाकीट तिच्याकडे आसा, नारळ माझ्याकडे आसत. तुझ्याकडे दोनांतला काय आसा?" कारण विचारणाऱ्याचे दोन्ही संपले होते. मला घेऊन तूही मागोमाग बंदरावर यायचीस, आणि बाबांचा शेवटचा नारळ फुटला की त्यांना तिथे उभं राहू देत नसायचीस. लगेच मोजके पैसे देऊन गुळाचं खाजं आणायला पाठवायचीस, तेही अगदी टोकाच्या दुकानात. तोंड त्या बाजूला वळलं की पाय आपोआप वळतात हे तुला कुठून कळलं होतं कोण जाणे. ते खाजं खात खात परत यायचे आणि वाटेत कुणाचा नारळ कसा फुटला ते सांगत हसायचे. हरून हसत येणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

तर मी तुझ्या जावयांना तेच विचारलं. पुढच्या खेपेच्या सकाळी, ते दाढी करत होते तेव्हा. किती? त्यांनी एक आकडा सांगितला. मी टॉवेल पुढे केला. त्यांनी गालावरचा फेस पुसला आणि आकडा अर्ध्यावर आणला. मग आम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी फोन घेऊन बसलो आणि कार्डावर दिवसाची मर्यादा घातली, तेवढ्याच रकमेची. हे सगळं आता फोनवर करता येतं. पण जी घालता येते ती काढताही येते, हे कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनीच युक्ती काढली. नवा पासवर्ड घातला, अर्धा त्यांनी, अर्धा मी, एकमेकांकडे पाठ करून. आता मर्यादा वाढवायची तर दोघांनी मिळून वाढवायची. "आता माझ्यावांगडा चल," म्हणाले. "तू घरात रवलंस तर माका फोन करून तुझो अर्धो मागूची बुद्धी व्हयत."

म्हणून मी गेले. दुपारची वेळ होती, जेवण चांगलं होतं, सोलकढी मात्र पाणचट. तुझे जावई खेळले, थोडं जिंकले, मग सगळं हरले. तिथे पैशांऐवजी चकत्या लावतात, त्यातली शेवटची गेल्यावर हात झटकून उठले, वरच्या डेकवर चहा घेऊन बसले आणि मांडवीतून जाणारे पडाव बघू लागले. मी त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. आणि मग, नुसतं बघायचं म्हणून, मी खाली उतरले आणि एका चाकापाशी थांबले. गोळी फिरते, आकड्यावर बसते. मी थोड्या चकत्या घेऊन सतरा म्हटलं आणि सतरा आला. आये, चकत्यांचा ढीग माझ्याकडे सरकला तेव्हा माझ्या कानात जे वाजलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. मग सतरा आला नाही. मग कितीदा आला नाही ते मला सांगता येत नाही. पर्समधले बाजारहाटाचे पैसे संपले. माझ्यासाठी मी आकडा ठरवलाच नव्हता. मला कशाला हवा, मी तर राखणीला आले होते.

मी वर गेले. "कार्ड द्या," म्हटलं. "आणि फोन काढा. माझा अर्धा मी घालतंय, तुमचा तुम्ही घाला."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे बघून घेतलं. "माका याद नाय."

"सकाळी होती."

"सकाळी आपण घरात होतंव," ते म्हणाले आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. मला राग आला. भलताच आला. परतताना गोव्याची हद्द ओलांडून बांदा येईपर्यंत मी त्या माणसाशी बोलले नाही. बांद्याला त्यांनी गाडी थांबवून गरम भजी घेतली आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला, तेव्हा मला हसू फुटलं ते आवरेना. पुढे बसलेल्या मित्राने वळून विचारलं, "वयनी जिंकली काय?" तुझे जावई म्हणाले, "थोडक्यात वाचली."

त्यानंतर ते आणखी एकदा जाऊन आले, ठरल्या आकड्यात, संध्याकाळी जेवायला घरी. छप्परही होईल, उशिरा. मी मात्र गेले नाही. पण त्या दिवसापासून मला तुझी एक दुपार आठवत राहते. शाळा लवकर सुटली होती. मागच्या दारी तू एकटीच बसली होतीस, दोन्ही हातांत नारळ. उजव्या हातातल्या नारळाने तू डाव्या हातातल्यावर मारत होतीस, मग डाव्याने उजव्यावर. बायका तेव्हा बंदरावर लढत नसत. डावा फुटला. तू उजवा नारळ वर धरून हसलीस, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी तो खाली ठेवला नाहीस. मी पाऊल न वाजवता परत गेले आणि थोड्या वेळाने समोरच्या दाराने हाक मारत आले. थांबता न येणाऱ्या माणसाचा हात तुला इतका ओळखता कसा येत होता, हे मला त्या बोटीवर कळलं.

आता बंदरावर बायकांची वेगळी स्पर्धा असते. ह्या पौर्णिमेला मी नाव दिलं आहे. आज सकाळी तुझ्या जावयांनी "किती?" विचारलं, आणि मी चार नारळ सांगितले. ते खूश झाले. हा कागद त्यांच्या हाती लागू देणार नाही आणि तू आता आहेस तिथे तर तो पोचायचा नाही, म्हणून लिहिते. मनात सहा होते.